स्वस्त पडदा, महाग परवाना

रेल्वेच्या आरक्षण खिडकीसमोर रांगेत उभे राहण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधीच आला नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. काचेपलीकडे कारकून बसलेला असतो. त्याच्यापुढे एक पडदा आणि एक कळफलक. गाडीचा क्रमांक, तारीख, प्रवाशांची नावे व वये तो टंकतो आणि थोड्याच वेळात छापील तिकीट बाहेर येते. नाशिकच्या खिडकीवरील कारकून ज्या यंत्राशी हा संवाद करीत असतो ते यंत्र त्याच्या टेबलाखाली नसते; ते मुंबईत असते. त्याच्या टेबलावर असते ते त्या यंत्राकडे जाणारे केवळ एक दार. १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत सुरू झालेली ही व्यवस्था पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशा पाच केंद्रांत विस्तारली आणि १९९९ मध्ये ही केंद्रे एकमेकांस जोडली गेली. एक मोठे यंत्र आणि त्यास जोडलेली अनेक साधी टर्मिनले ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही विशेष आहे असे कोणास वाटतही नाही.

मग प्रश्न असा पडतो की, जी व्यवस्था रेल्वेच्या खिडकीवर चालली ती शाळेच्या संगणक-कक्षात, सार्वजनिक ग्रंथालयात, तालुक्याच्या कचेरीत सर्रास का रुजली नाही? अलीकडच्या परिभाषेत अशा साध्या टर्मिनलास ‘थिन क्लायंट’ म्हणतात. त्याच्यापाशी स्वतःची साठवण नसते म्हटले तरी चालेल. सारे काम दूरच्या सर्व्हरवर होते आणि पडद्यावर दिसते ते त्या कामाचे चित्र. ही पद्धत मागे का पडली याचे नेहमीचे उत्तर असे की, आपल्याकडील जाळे मंद, वीज बेभरवशाची आणि प्रत्येकास आपले स्वतंत्र यंत्र हवेसे वाटते. या उत्तरात तथ्य आहे. पण ते अपुरे आहे. खरी अडचण तारेत किंवा यंत्रात नसून कागदावर आहे. सॉफ्टवेअरचा परवाना हा तो कागद होय.

कल्पना जुनी, हिशेब साधा

एका संगणकाचा वेळ अनेकांनी वाटून घ्यावा ही कल्पना १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष चालवून दाखविली. त्या काळी संगणक इतके महाग होते की, वाटून घेण्यावाचून गत्यंतरच नव्हते. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि वारे फिरले. प्रत्येक टेबलावर स्वतंत्र यंत्र हा प्रगतीचा मानदंड ठरला. परंतु अवघ्या १०-१५ वर्षांत या सुबत्तेची दुसरी बाजू दिसू लागली. शंभर यंत्रे म्हणजे शंभर ठिकाणी बिघाड, शंभर ठिकाणी विषाणू आणि दर चार-पाच वर्षांनी शंभर यंत्रांची नवी खरेदी. १९९५ मध्ये ओरॅकल कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी ५०० डॉलरच्या ‘नेटवर्क कॉम्प्युटर’ची कल्पना मांडली ती या पार्श्वभूमीवर. त्याच वर्षी सिट्रिक्स या कंपनीने ‘विनफ्रेम’ हे सॉफ्टवेअर आणले. त्यामुळे विंडोजची एकच प्रत सर्व्हरवर ठेवून अनेकांना दुरून वापरणे शक्य झाले.

शाळेच्या दृष्टीने या व्यवस्थेचा हिशेब अगदी साधा आहे. वीस विद्यार्थ्यांच्या कक्षात वीस पूर्ण संगणक ठेवण्याऐवजी एक सशक्त सर्व्हर आणि वीस टर्मिनले ठेवावीत. टर्मिनलात फिरणारा, झिजणारा भाग जवळपास नसल्यामुळे ते सात-आठ वर्षे सहज टिकते. ते पूर्ण संगणकाच्या मानाने फारच थोडी वीज घेते. ज्या गावात भारनियमन पाचवीला पुजलेले आहे तेथे बॅटरीवर एक तास अधिक शिकवता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. नवे सॉफ्टवेअर एकदाच, एकाच ठिकाणी घालावयाचे. संगणक शिकविणारे शिक्षक बहुधा गणित किंवा विज्ञानाचेही तास घेतात. वीस यंत्रांची शुश्रूषा करण्याऐवजी एकाच यंत्राकडे लक्ष द्यावे लागणे हा त्यांना केवढा दिलासा आहे हे वेगळे सांगावयास नको.

वाटून घेता न येणारी वस्तू

येथपर्यंत सारे सुरळीत दिसते. पण घोडे पेंड खाते ते पुढे. यंत्र वाटून घेतल्याने यंत्राचा खर्च विभागला जातो. परवाना मात्र विभागला जात नाही. ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. ग्रंथालय एक पुस्तक एकदा विकत घेते आणि ते शंभर सभासद एकामागून एक वाचतात. आता अशी कल्पना करा की, प्रकाशकाने अट घातली, पुस्तक कपाटात एकच असो, पण ग्रंथालयात जितक्या खुर्च्या तितक्यांचे मूल्य भरा. मग त्या खुर्चीवर बसून कोणी ते पुस्तक वाचो अथवा न वाचो. सॉफ्टवेअरच्या सामायिक वापराला लागू झालेली अट बरीचशी या स्वरूपाची आहे.

विंडोजवर आधारलेल्या टर्मिनल-कक्षाला एक नव्हे, परवान्यांचे अनेक थर लागतात. सर्व्हरवरील ऑपरेटिंग सिस्टिमचा परवाना हा पहिला. त्या सर्व्हरशी संपर्क साधण्याचा, दर उपकरणामागे किंवा दर वापरकर्त्यामागे घ्यावयाचा परवाना हा दुसरा. संपर्क साधून दूरचा पडदा वापरावयाचा असल्यास त्याच रीतीने तिसरा. पत्रे लिहिण्याचे व तक्ते मांडण्याचे ऑफिस सॉफ्टवेअर सर्व्हरवर एकदाच बसविलेले असले तरी, ज्या ज्या उपकरणावरून ते उघडले जाऊ शकते त्या प्रत्येकाचा परवाना हा पारंपरिक नियमानुसार चौथा. सिट्रिक्ससारखे मध्यस्थ सॉफ्टवेअर घेतल्यास पाचवा. एका वेळी जितके लोक वापरतील तितक्यांचेच पैसे, हा सामायिक वापराला साजेसा हिशेब. पण मायक्रोसॉफ्टने यांतील आपल्या परवान्यांना तो सर्रास लागू केला नाही. ऑफिसच्या बाबतीत तर कक्षात चाळीस टर्मिनले असून एका वेळी दहाच मुले लेखनाचे काम करीत असली तरी परवाने चाळिसांचे.

याहून बोलका तपशील विंडोज २००० च्या काळातला आहे. ज्या संगणकावर विंडोज २००० प्रोफेशनल होते त्यास टर्मिनल-सेवेचा परवाना त्याच्यासोबतच मिळत असे. ज्याच्यापाशी केवळ साधे टर्मिनल होते त्याने मात्र तो वेगळा विकत घ्यावयाचा. म्हणजे ज्याला दूरच्या सर्व्हरची गरज कमी त्याला प्रवेश मोफत, आणि ज्याचे सर्वस्व त्या सर्व्हरवर अवलंबून त्याला प्रवेशमूल्य! विंडोज सर्व्हर २००३ बरोबर ही अंगभूत सवलत बंद झाली. तथापि साध्या टर्मिनलाचा भार त्यामुळे हलका झाला नाही. पूर्ण संगणकावरही तो आला, इतकेच.

शंभर डॉलरचे दार

पुढे तंत्र आणखी बदलले. सर्व्हरवर प्रत्येक वापरकर्त्यासाठी विंडोजचा स्वतंत्र, आभासी संगणक चालविणे शक्य झाले. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी वेगळा वार्षिक परवाना आणला. ज्या पूर्ण संगणकांसाठी कंपनीचा ‘सॉफ्टवेअर अॅश्युरन्स’ हा करार घेतलेला होता त्यांना तो वर्षाला २३ डॉलरला मिळे. थिन क्लायंटसाठी त्याचा दर वर्षाला ११० डॉलर होता. जुलै २०१० पासून नियम सुधारले. करारातील संगणकांना हा हक्क वेगळे मूल्य न देता मिळू लागला आणि थिन क्लायंटसाठी दर झाला वर्षाला १०० डॉलर.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. २०१० च्या विनिमय दराने १०० डॉलर म्हणजे सुमारे साडेचार हजार रुपये. वीस टर्मिनलांच्या कक्षाला या जाहीर दराने वर्षाला नव्वद हजार आणि पाच वर्षांत साडेचार लाख रुपये केवळ विंडोजचा पडदा पाहण्यासाठी द्यावे लागले असते. सर्व्हर, टर्मिनले, ऑफिस सॉफ्टवेअर आणि मध्यस्थ सॉफ्टवेअर यांचा खर्च वेगळाच. शाळांना सवलतीचे दर असत हे खरे. पण सवलत दात्याच्या मर्जीवर असते आणि खरेदीनंतर ती पुढे चालू राहील याची हमी कोणीच देत नाही. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण अशा व्यवहारासाठीच जन्मली असावी. टर्मिनल एकदाच घ्यावयाचे, परवाना दरवर्षी. सात वर्षे टिकणारे यंत्र हा त्याचा गुण, पण परवाना वार्षिक असला की जितके अधिक टिकेल तितका खर्च अधिक. मग खरेदी समितीतील व्यवहारी माणसाने ‘त्यापेक्षा नेहमीचे संगणकच घ्या, त्यांत विंडोज आलेलेच असते’ असा शेरा मारला, तर त्याला दोष कसा द्यावा?

येथे कंपनीची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. पूर्ण संगणक विकला जातो तेव्हा त्याच्या किमतीत विंडोजचे मूल्य समाविष्ट असते. थिन क्लायंट अनेकदा विंडोजविना विकला जातो. सर्वांनी पूर्ण संगणक सोडून टर्मिनले घेतली, तर कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा झरा आटतो. तो दुसऱ्या मार्गाने भरून काढणे हा व्यापाऱ्याचा स्वाभाविक हिशेब आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी मोबदला घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप मोबदल्यास नाही, मोजमापाच्या पद्धतीस आहे. ज्या तंत्राचा सारा लाभ वाटून घेण्यात आहे त्याला न वाटता येणारे मूल्य लावले की तंत्र जागच्या जागी गोठते.

दुसरी वाट

हे अनुमान तपासून पाहण्याचा एक मार्ग आहे. परवान्याचा हा अडसर जेथे नव्हता तेथे काय घडले ते पाहावे. १९९९ मध्ये अमेरिकेतील जिम मॅकक्विलन यांनी ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ सुरू केला. लिनक्स मुक्त असल्यामुळे सर्व्हरला एक टर्मिनल जोडा की शंभर जोडा, परवान्याचा खर्च शून्यच. या व्यवस्थेवर ऑरेगन राज्यातील शिक्षकांनी शाळांसाठी वेगळी आवृत्ती बेतली. टाकाऊ ठरलेले संगणक टर्मिनल म्हणून पुन्हा वर्गात आले. फ्लोरिडातील लार्गो या लहान शहराच्या नगरपालिकेने आपला कारभार वर्षानुवर्षे लिनक्स सर्व्हर आणि थिन क्लायंट यांवर चालविला. ब्राझीलमध्ये साओ पाउलो महानगरपालिकेने २००१ पासून गरीब वस्त्यांत ‘टेलिसेंत्रो’ नावाची सार्वजनिक संगणक केंद्रे उघडली, तीही मुक्त सॉफ्टवेअर आणि साधी टर्मिनले यांच्याच आधारे.

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. तत्कालीन अविभक्त आंध्र प्रदेशात २००८ च्या सुमारास सुमारे ५,००० शाळांसाठी एका संगणकाला अनेक पडदे जोडण्याची योजना हाती घेण्यात आली. केरळने टर्मिनलांचा मार्ग धरला नाही. पण शालेय संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेऊन परवान्याचा प्रश्नच निकालात काढला. त्यासाठी शिक्षकांच्या प्रशिक्षणावर त्या राज्याने जे सातत्य दाखविले ते अनुकरणीय आहे. आणि आपली रेल्वे? तिकीट आरक्षणाचा मूळ कार्यक्रम सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने रेल्वेसाठी तयार केला. पाच केंद्रांना जोडणारा कार्यक्रम रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने. नवी खिडकी उघडताना आरक्षणाचा कार्यक्रम दर खिडकीमागे विकणारा कोणी त्रयस्थ मधे उभा नव्हता. खिडक्या गावोगाव पसरल्या याची कारणे अनेक असतील; त्यांतील हे एक कारण सहसा कोणी सांगत नाही.

फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे

तथापि मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा असा समज करून घेण्याचे कारण नाही. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला, दहा वर्षे खपून तो अमलात आणला आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचे ठरविले. परवान्याचा खर्च वाचला तरी माणसांचा खर्च वाचत नाही. टर्मिनल-पद्धतीची स्वतःची एक दुखरी बाजू आहेच. वर्गातील एक संगणक बिघडला तर एक मूल खोळंबते. सर्व्हर बिघडला तर सारा वर्ग. तो दुरुस्त करणारा जाणकार तालुक्याच्या ठिकाणी तरी असलाच पाहिजे. चलच्चित्रे, आरेखन यांसारख्या जड कामांना साधे टर्मिनल पुरे पडत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे, ती सवयीची. २००१ पासून सुरू असलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो मराठी माणसांची संगणकाशी पहिली ओळख करून दिली, हे त्याचे मोठेच श्रेय. शासकीय नोकरीत संगणक-अर्हता आवश्यक ठरल्याने कारकून आणि शिक्षक या वर्गास तो विशेष परिचित आहे. परंतु या ओळखीचा मोठा भाग एकाच कंपनीच्या विंडोज व ऑफिसभोवती फिरत राहिला. परिणाम असा झाला की, अक्षरे ठळक कशी करावीत हे शिकण्याऐवजी आपण अमुक कंपनीच्या पडद्यावरील अमुक बटण कोठे आहे हे शिकलो. उद्या तेच काम करणारे लिबरऑफिस समोर आले तर हात थबकतो. ही सवय म्हणजे अदृश्य परवाना होय. त्याचे शुल्क दरवर्षी आपण स्वखुशीने भरतो.

आजचा प्रसंग

हा विषय आज पुन्हा काढण्यास निमित्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा बंद झाली. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप आणि नवा प्रोसेसर नसल्यामुळे असंख्य चालते-बोलते संगणक एका रात्रीत ‘जुने’ ठरले. पैसे देऊन ही सेवा वाढविता येते. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, तोही जास्तीत जास्त तीन वर्षे. शिक्षणसंस्थांना नाममात्र दर आहे, पण मुदत तीच. दुसरीकडे, सर्व्हरवर आभासी संगणक चालविण्यात अग्रेसर असलेली व्हीएमवेअर ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून केवळ वर्गणीची पद्धत आणली. आणि गंमत अशी की, ज्या मायक्रोसॉफ्टच्या परवान्यांनी साध्या टर्मिनलाची वाट इतकी वर्षे महाग ठेवली, तिनेच २०२५ मध्ये ३४९ डॉलरचे स्वतःचे टर्मिनल बाजारात आणले. फरक इतकाच की, त्याच्यामागचा सर्व्हर आपला नाही, कंपनीचा आहे आणि त्याचे भाडे दरमहा, दरडोई आहे. तंत्र कधीच टाकाऊ नव्हते. ते कोणाच्या लाभाचे, एवढाच वाद होता, हे यावरून स्पष्ट व्हावे.

अशा वेळी शाळा, महाविद्यालये आणि स्थानिक संस्था यांनी जुने संगणक भंगारात घालण्यापूर्वी थोडे थांबावे. यंत्र अगदीच दुबळे नसेल तर त्यावर थेट लिनक्स चालू शकते; दुबळे असेल तर एका नव्या सर्व्हरमागे ते टर्मिनल म्हणून आणखी काही वर्षे काम देईल. भारत सरकारने २०१५ मध्येच मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे. सी-डॅकचे ‘बॉस’ लिनक्स त्याच्याही आधीपासून उपलब्ध आहे. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स व लिबरऑफिसचे पाठ मराठीतही तयार केले आहेत. साधने नाहीत अशी सबब त्यामुळे सांगता येणार नाही.

उणीव आहे ती खरेदीच्या रीतीत. निविदेत यंत्राची किंमत ठळक असते आणि परवान्याची कोठेतरी तळटीपेत. ही रीत बदलावी. पाच वर्षांचा एकूण खर्च मांडावा आणि त्यात परवान्याचा रकाना स्वतंत्र असावा. परवाना घ्यावाच लागला तर तो दर उपकरणामागे आहे, दर माणसामागे आहे की एका वेळच्या वापरावर आहे, हे लेखी विचारावे; दर वाढल्यास बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, हेही विचारावे. संगणकाच्या अभ्यासक्रमात एका कंपनीच्या बटणांऐवजी कामाची तत्त्वे शिकवावीत. आणि वाचलेल्या पैशातून तालुक्याला निदान एक प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमावा. कारण तो नसेल तर वर सांगितलेले सारे कागदावरच राहील.

हे प्रश्न रुक्ष वाटतील. पण ज्या शाळेच्या संगणक-कक्षाचे कुलूप केवळ आठवड्यातून एकदा उघडते, तेथील मुलाच्या दृष्टीने ते रुक्ष नाहीत. त्याच्या वाट्याला पडदा येतो की केवळ पडद्याचे चित्र असलेले पाठ्यपुस्तक येते, हे या रकान्यांतच ठरत असते. आरक्षणाच्या खिडकीवर मोजक्या केंद्रांतील यंत्रे अवघ्या देशाला पुरवून घेता येतात हे आपण दाखवून दिले आहे. शाळेच्या खिडकीवर तेच करावयाचे असेल, तर यंत्राच्या किमतीआधी परवान्यावरील अटी वाचण्याची सवय आपणास लावून घ्यावी लागेल.